चित्रातून गायब झालेली माणसं

आज एकाच तैलचित्राबद्दल बोलूया. १ ऑक्टोबर १९४९, तिआनमेनच्या सज्जात उभे राहून माओ नव्या चीनची घोषणा करतायत. दोंग शीवेन यांनी हे चित्र १९५३ मध्ये रंगवलं.

मग गाओ गांग पक्षाच्या मर्जीतून उतरले आणि चित्रातूनही पुसले गेले. सांस्कृतिक क्रांतीत पाळी आली ल्यू शाओचींची. त्यांच्या जागी दोंग बीवूंचा चेहरा बसवला. आणि हे बदल कोणी करायचे? स्वतः चित्रकारानंच! १९७२ मध्ये लिन बोचू यांनाही काढायचं ठरलं. तेव्हा दोंग आजारी होते, म्हणून दुसऱ्या दोन चित्रकारांनी अख्खी नक्कलच रंगवली. पुढच्याच वर्षी दोंग गेले.

माओंच्या मृत्यूनंतर गाळलेली माणसं चित्रात परतली खरी, पण त्या नकलेवर.