नेतृत्वाची खरी कसोटी



नेता कसा असावा, असा प्रश्न निघाला की धैर्य, वक्तृत्व, दूरदृष्टी, त्याग अशी गुणांची नामावली सहज ओठांवर येते. ती चुकीची नाही. मात्र अपुरी आहे. हे गुण नेता समोर असताना दिसतात. नेतृत्वाची खरी परीक्षा होते ती नेता समोर नसताना. छत्रपती शिवाजी महाराजांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा अभ्यासण्यासारखे आहे.

जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. अवघे १२ हाती उरले. पुढच्या वर्षाच्या आरंभी पन्हाळ्यावरील हल्ला फसला आणि सरनोबत नेतोजी पालकर सोडून गेले. अशा पडत्या काळात ५ मार्च १६६६ रोजी महाराज बालवयातील संभाजीराजांसह राजगडाहून आग्र्यास निघाले. १२ मे रोजी दरबार झाला. पाठोपाठ नजरकैद आली आणि १७ ऑगस्ट रोजी त्यांनी तेथून सुटका करून घेतली.

ही सुटकेची कथा घराघरांत सांगितली जाते. त्या सहा महिन्यांत स्वराज्यात काय घडले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. जिजाऊसाहेबांच्या देखरेखीखाली मोरोपंत पिंगळे, निळोपंत सोनदेव, प्रतापराव गुजर यांनी कारभार सांभाळला. राजा शत्रूच्या पहाऱ्यात होता. राज्य मात्र उभे होते. महाराजांच्या साहसाइतकेच हे मोल मोठे आहे.

हे आपोआप घडले नाही. महाराजांनी माणसांवर विश्वास टाकला, पण व्यवस्था केवळ विश्वासावर सोडली नाही. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे स्वतंत्र अधिकारी असत. अधिकार वाटलेला असल्याने कोणा एकाच्या फितुरीने गड जाण्याचा धोका कमी होई आणि कोणा एकावाचून कामही अडत नसे. पदे वंशपरंपरेने न देता कर्तबगारी पाहून द्यावीत आणि वतनाऐवजी वेतन द्यावे, हे त्यांचे धोरण होते.

शिस्तीचा हेतूही ते समजावून देत. चिपळूणजवळील हलवर्णच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात दाणावैरण बेताने वापरा, ती संपली तर सैनिक रयतेच्या घरात शिरतील आणि मग रयतेला मोगल बरे वाटतील, असा त्यांचा इशारा आहे. उंदराने पेटती वात ओढून नेली तर गवताच्या गंजी भस्म होतील, इतक्या बारकाव्यापर्यंत ते जातात. आज्ञेमागील कारण कळले की, पाहणारा कोणी नसतानाही ती पाळली जाते.

या घडणीचे फळ त्यांच्या निधनानंतर दिसले. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची क्रूर हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला आणि राजाराम महाराजांना जिंजीस जावे लागले. तरीही रामचंद्रपंत अमात्य, संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांनी झुंज चालू ठेवली. १७०० मध्ये राजाराम महाराज निवर्तल्यावर ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. १७०७ मध्ये औरंगजेब याच भूमीत, अहमदनगरजवळ मरण पावला. मराठ्यांचे राज्य त्याला संपवता आले नाही.

याच इतिहासाची दुसरी बाजूही नजरेआड करू नये. १६८० मध्ये महाराजांचे निधन होताच उत्तराधिकारावरून मुत्सद्द्यांत फूट पडली. संभाजी महाराजांना डावलण्याचा घाट काही अनुभवी प्रधानांनीच घातला आणि राज्याने जाणती माणसे गमावली. इतक्या समर्थ व्यवस्थेतही ‘पुढे कोण?’ हा प्रश्न वेळीच निकाली निघाला नाही, तर त्याची किंमत मोजावीच लागते.

आज गावोगावच्या संस्थांत काय दिसते? एखादा निष्ठावान कार्यकर्ता तीस वर्षे संस्था वाहतो. किल्ल्या त्याच्याजवळ, हिशेब त्याच्याजवळ, ओळखीही त्याच्याच. ‘त्यांच्यावाचून पान हलत नाही’, असे लोक कौतुकाने म्हणतात. वस्तुतः ते कौतुक नसून धोक्याची सूचना असते. तो अंथरुणाला खिळला की संस्थेच्या दाराला कुलूप लागते. त्याच्या निष्ठेत उणे नसते. त्याने सारे केले, केवळ दुसरा माणूस घडवला नाही.

म्हणून जबाबदारी घेतलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी स्वतःला विचारावे : उद्यापासून सहा महिने आपण नसलो, तर काम चालेल काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर नेतृत्वाचे पहिले काम अद्याप व्हायचे आहे.