हयातीत मयत ठरलेला गायक
(वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला ‘कला आणि समाज’ हा विषय दिला आहे. विषय मोठा, वेळ थोडा. म्हणून एकाच माणसाची हकीकत सांगतो.

सिक्स्तो रॉड्रिगेझ हे त्याचं नाव. अमेरिकेतल्या डेट्रॉईट या मोटार कारखान्यांच्या शहरात १९४२ साली जन्म. घराणं मेक्सिकोतून आलेलं, कष्टकरी. सहावं अपत्य म्हणून नाव सिक्स्तो. गिटार घेऊन तो गरिबांच्या वस्त्यांवर, बेकारीवर स्वतःची गाणी गायचा. १९७० साली ‘कोल्ड फॅक्ट’ आणि १९७१ साली ‘कमिंग फ्रॉम रिॲलिटी’ अशा दोन तबकड्या निघाल्या. अमेरिकेत त्या खपल्याच नाहीत. कंपनीने त्याला सोडलं. मग हा गडी जुनी घरं पाडण्याच्या, डागडुजीच्या कामाला लागला. पण मजुरी करता करता १९८१ साली त्याने विद्यापीठाची तत्त्वज्ञानाची पदवी मिळवली, हे इथल्या मुलांनी लक्षात ठेवावं. निवडणुकांनाही उभा राहिला, पडला.

इकडे दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचं राज्य होतं. गोऱ्या तरुणांना सक्तीने लष्करात जावं लागे. त्यांच्यात ‘कोल्ड फॅक्ट’ पोचली आणि कॅसेटवरून कॅसेट भरत घरोघर गेली. आपल्या वस्तीत भीमगीतांच्या कॅसेट फिरायच्या, तशाच. सरकारी रेडिओच्या संग्रहातल्या तबकडीवर नको असलेलं गाणं टोकदार हत्याराने खरवडून ठेवलं होतं! अर्थात ऐकणारे बहुतेक गोरेच. काळ्या जनतेचा लढा तिच्या स्वतःच्या गाण्यांवर चालला होता. या गायकाने वर्णभेद पाडला असं कुणी सांगू लागलं तर आम्ही ते मानणार नाही.

तिथे त्याच्याविषयी कुणालाच काही ठाऊक नव्हतं. रंगमंचावरच त्याने जीव दिला, अशी वदंता. त्याला स्वतःला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो डेट्रॉईटमध्ये विटा-माती उचलत होता. १९७९ आणि १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याचे दौरे झाले, पण त्याची खबर आफ्रिकेत पोचली नाही.

शेवटी केप टाऊनच्या स्टीफन सेगरमन या चाहत्याने आणि क्रेग बार्थोलोम्यू या पत्रकाराने शोध धरला. गाण्यातल्या डिअरबॉर्न या गावाच्या नावावरून ते तबकडीच्या निर्मात्यापर्यंत पोचले. १९९७ साली कळलं, माणूस जिवंत आहे! मार्च १९९८ मध्ये तो तिथे गेला. पंचावन्न वर्षांचा मजूर, समोर हजारोंचा जमाव, आणि प्रत्येकाला त्याची गाणी तोंडपाठ.

आता पैशाचं बोलू. इतकी वर्षं तबकड्या तिकडे विकल्या, पण त्यातलं आपल्या हाती काही आलं नाही, असं तो सांगे. पुढे कोर्टकज्जेही झाले. घर पाडल्याची मजुरी त्याला संध्याकाळी मिळत होती. गाण्याची मात्र पंचवीस वर्षं मिळाली नाही. घाम दोन्हीकडे त्याचाच.

त्याच्यावरच्या ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ या माहितीपटाला २०१३ साली ऑस्कर मिळालं. मान चित्रपट करणाऱ्यांचा, म्हणून तो सोहळ्याला गेला नाही. नंतर आलेला पैसा बराचसा नातेवाईक-मित्रांना वाटला. १९७६ साली सरकारी लिलावात पन्नास डॉलरला घेतलेलं जुनं घर मात्र सोडलं नाही. हिवाळ्यात तिथे लाकडं जाळून ऊब घेई. ८ ऑगस्ट २०२३ रोजी, एक्क्याऐंशीव्या वर्षी तो वारला.