घोंगडीची निगा

पूर्णाकाठी, सिद्धेश्वर धरणाच्या परिसरात थंडी पडू लागली की पेटीतली घोंगडी बाहेर निघते. ती लगेच भिजवू नका. उन्हात पसरून काठीने हलकेच झटका. बहुतेक धूळ तेवढ्यानेच जाते. धुवायचीच असेल तर गार पाणी आणि रिठे घ्या. गरम पाण्यात चोळली की लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, घोंगडी आटते आणि ती पुन्हा पूर्ववत होत नाही. पिळू नका, दोरीवर टांगू नका. बाजेवर सावलीत पसरा. विणकरांनी दिलेली चिंचोक्याची खळ धुण्याने उतरते, म्हणून वारंवार धुणं टाळावंच. कसरीच्या अळ्या लोकर खातात. मळकी, घामट घोंगडी तर त्यांना फारच आवडते. पेटीत ठेवताना ती स्वच्छ आणि पूर्ण कोरडी हवी.