नगरसेवकाची निवड आणि स्थानिक अनुभव



१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्यात हिंगोली, वसमत व कळमनुरी येथे नगरपरिषदा, तर औंढा नागनाथ व सेनगाव येथे नगरपंचायती आहेत. राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिच्या बाराव्या अनुसूचीत नगरसंस्थांसाठी १८ विषय नमूद आहेत. पाणीपुरवठा, रस्ते, दिवाबत्ती, सार्वजनिक आरोग्य, घनकचरा, जन्ममृत्यूची नोंद, स्मशानभूमी हे त्यांपैकी काही होत. हे सारे विषय नागरिकाच्या उंबरठ्यापासून सुरू होतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नगरपालिकेवर नामनिर्देशनाने येणाऱ्या सदस्यास नगर प्रशासनाचे विशेष ज्ञान वा अनुभव असावा, अशी घटनेची अपेक्षा आहे. मात्र त्यास सभेत मताधिकार नाही. उलट, ज्याच्या मताने ठराव संमत व्हावयाचे, त्या निवडून येणाऱ्या सदस्यासाठी अनुभवाची अट नाही. वयाची २१ वर्षे पूर्ण असावीत, नगराच्या मतदार यादीत नाव असावे आणि कायद्याने सांगितलेली अपात्रता नसावी, एवढे पुरेसे ठरते. लोकशाहीत हे योग्यच आहे. परंतु त्यामुळे अनुभवाची पारख करण्याचे दायित्व मतदाराच्या शिरावर येते.

हा अनुभव म्हणजे काय? कयाधूकाठी वसलेल्या हिंगोलीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ८५ हजार होती. एवढ्या नगरात पाण्याची योजना कागदावर पूर्ण असली, तरी उंच भागातील शेवटच्या नळास पाणी किती दाबाने येते, हे तेथे राहणाराच जाणतो. पावसाळ्यात कोणत्या गल्लीत पाणी तुंबते, हळदीच्या हंगामात बाजाराकडे जाणारा कोणता रस्ता अडतो, याची माहिती अंदाजपत्रकाच्या रकान्यांत सापडत नाही. ती असलेला सदस्य सभेत नेमका प्रश्न विचारतो. ती नसलेला केवळ हात वर करतो. चुकीच्या जागी टाकलेल्या जलवाहिनीचा खर्च मात्र करदात्यांनाच सोसावा लागतो.

महात्मा जोतीराव फुले यांचे उदाहरण बोलके आहे. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला आणि १८७६ मध्ये ते पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले. वंचितांची तहान त्यांनी सभागृहात येण्यापूर्वीच ओळखली होती. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेचा पैसा खर्च करण्यास त्यांनी विरोध केला आणि तो गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा असे सुचविले. पैसा कोणाचा व गरज कोणाची, याचे भान त्यांना होते.

तथापि स्थानिक अनुभव म्हणजे केवळ जुने पद वा पिढीजात घराणे नव्हे. वर्षानुवर्षे पदावर राहूनही एखाद्यास आपल्या प्रभागाची ओळख नसते. महिलांसाठी निम्म्या जागा राखीव असल्याने आणि आरक्षण फिरते असल्याने प्रत्येक निवडणुकीत नवे उमेदवार पुढे येतात. ज्या भगिनीने नळाच्या रांगेत पहाटे घालविल्या, बचत गटाचा हिशेब चोख ठेवला, तिचा अनुभव कमी प्रतीचा कसा मानावा? बाहेरून येऊन स्थायिक झालेला कष्टकरीही वस्तीशी एकरूप होऊ शकतो. जन्म कोठे झाला, यापेक्षा कोणाच्या अडचणीत तो उभा राहिला, हे महत्त्वाचे.

म्हणून मत मागण्यास येणाऱ्या उमेदवारास मतदाराने काही साधे प्रश्न विचारावेत. प्रभागातील कचरा कोठे जातो? अंदाजपत्रक त्याने वाचले आहे काय? मागील काळात कोणत्या कामाचा त्याने पाठपुरावा केला? उमेदवाराने शपथपत्रात दिलेली माहितीही पाहावी. जात, नाते व क्षणिक लाभ बाजूस ठेवून ही पारख झाली, तर निवडून आलेल्या सदस्यास पुढील पाच वर्षे त्याच प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतील. नगराचा कारभार सुधारण्याचा याहून खात्रीचा मार्ग मतदाराच्या हाती दुसरा नाही.