गॉब्लिनांची विहीर

गेलं वर्षभर माझ्या ताब्यात एक राज्य आहे. दोन नद्या, अकरा गावं, एक पडका किल्ला आणि दात हलायला लागलेला एक ड्रॅगन, एवढाच त्याचा पसारा. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी आमच्या मिरजेच्या घरात सतरंजी अंथरली की ते राज्य उघडतं आणि मगरिबची अजान झाली की मिटतं. महसूल शून्य, खर्च चहाचा आणि भज्यांचा. वर्ष पुरं झालं, तेव्हा पेढीवाले मांडतात तसा जमाखर्च आपणही मांडावा आणि पुढच्या सालाचा थोडा विचार करावा, म्हणून आज आपल्यापुढे बसलो आहे.

हा एक खेळ आहे. त्याचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. यात पट नसला तरी चालतो, सोंगट्या नसल्या तरी चालतात आणि शेवटी कुणी जिंकत नाही. पाच-सहा जण गोल बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. कुणी तलवारबाज, कुणी जादूगार, कुणी चोर. उरलेलं सगळं, म्हणजे राजा, खानावळवाली, पाऊस, लांडगे, कुलूप आणि कुलपामागचं भूत, एकटा गेम मास्टर सांभाळतो. तो सांगतो, 'समोर ओढा आहे, साकव वाहून गेलाय.' ते सांगतात, 'आम्ही उडी मारतो.' उडी पोचली की पाण्यात पडली, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. माझी भाची पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तिनं तिकडून हा खेळ आणला, मिरज-सांगलीतल्या जुन्या मैत्रिणी आणि मित्र गोळा केले आणि मास्टरच्या जागी मला बसवलं. 'मामू, तुम्ही कवी. नसलेल्या गोष्टी सांगायची तुम्हाला सवय आहे.' हा युक्तिवाद मला खोडता आला नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला पन्नाशीनंतर राज्य मिळत असेल, तर नाही का म्हणावं?

खेळ १९७४ सालचा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचं लहान गाव आहे, तिथला गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटातला डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची होती. त्याआधी ही मंडळी शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळत. आर्नेसननं 'ब्लॅकमूर' नावाच्या आपल्या खेळात पलटणीऐवजी प्रत्येकाला एकेकच माणूस दिला. मला हा बदल फार मोठा वाटतो. पलटणीतला माणूस मेला तर आकडा एकानं कमी होतो. एकच माणूस हातात असला, की त्याला आई असते, कर्ज असतं, घरी परतायची घाई असते. गायगॅक्सचं 'ग्रेहॉक' तर एका पडक्या किल्ल्याच्या तळघरांपासून सुरू झालं. खेळणारे तळघरातून वर आले तेव्हा त्यांच्यासाठी शहर लागलं, शहराबाहेर पडले तेव्हा देश लागले.

याचा अनुभव मला बारा रविवारांत पुरेपूर आला. माझ्या वहीत राजघराण्याच्या सात पिढ्यांची वंशावळ आहे. राजाचं नाव अजून एकानंही विचारलेलं नाही. नाक्यावर भजी तळणाऱ्या बाईचं मात्र नाव विचारलं, गाव विचारलं, तिच्या नवऱ्याचं काय झालं ते विचारलं. आणि नवऱ्याचा शोध घेण्यात चार महिने गेले. (राजाप्रजेचं नातं एवढंच असावं, असं माझंही मत होऊ लागलं आहे.) आपल्याकडचे दास्तानगो हेच करायचे. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यानं अमीर हमजाची दास्तान छापायला घेतली, तेव्हा तिचे सेहेचाळीस खंड झाले. समोर बसलेल्यांचे डोळे चमकले तिथे सांगणारा रेंगाळणार, त्यामुळे ती लांबणारच. कीर्तनकारही काही वेगळं करत नाहीत.

नवं जग रचताना पर्वत आणि समुद्र काढायला अर्धा तास पुरतो. वेळ जातो तो नावांना. पुस्तकातली इंग्रजी नावं आमच्या सतरंजीवर टिकेनात, म्हणून मी मराठी नावं ठेवली. एका गावाचं नाव ठेवलं निळवण. पलीकडे त्याच नावाचं दुसरं गाव निघालं, म्हणून एक झालं निळवण बुद्रुक आणि दुसरं निळवण खुर्द. झालं, मुलांनी तिथंच पकडलं. बुद्रुक म्हणजे फारसी बुजुर्ग, थोरलं; खुर्द म्हणजे धाकटं. 'मग मामू, आपल्या राज्यात फारसी दप्तर कुणी आणलं?' प्रश्न बिनतोड होता. महाराष्ट्रात शेकडो गावांच्या पाट्यांवर हे दोन शब्द आहेत आणि आपण रोज एस.टी.तून ते वाचत जातो, पण एका गावाची दोन कधी झाली, कागद कुणाच्या भाषेत झाला, हे सगळं त्या एका शब्दात बसलेलं असतं. मग माझ्या राज्यालाही दोनशे वर्षांपूर्वीचे कारकून द्यावे लागले. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारा टॉल्किन मुळात भाषेचा अभ्यासक. त्याच्याकडे भाषा आधी झाल्या आणि त्या बोलणारी माणसं मागून आली.

या नावांतूनच वर्षाचा सगळ्यात अवघड रविवार आला. खेळातल्या पात्राच्या तक्त्यावर एक रकाना असतो. माणूस, एल्फ, बुटका, ऑर्क यांपैकी तुम्ही कोण ते तिथं लिहायचं. जुन्या पुस्तकात रकान्याचं नाव होतं 'रेस'. मराठीत काय म्हणायचं? एक मुलगा सहज म्हणाला, 'जात'. शब्द चुकीचा नव्हता, पण सतरंजीवर क्षणभर कुणी काही बोललं नाही. पाच घरांतली पाच मुलं. 'वंश' म्हणून पाहिलं, तो इतिहासाच्या पुस्तकातला वाटला. शेवटी ठरलं, नुसतं 'लोक' म्हणायचं. एल्फ लोक, बुटके लोक, गॉब्लिन लोक. पुढे कळलं की खेळाच्या प्रकाशकांनाही हा शब्द नकोसा झाला होता. २०२० मध्ये त्यांनी ऑर्क आणि त्यांच्यासारख्यांचं चित्रण बदलत असल्याचं जाहीर केलं आणि २०२४ च्या नव्या पुस्तकात 'रेस' जाऊन 'स्पीशीज' आलं. ते प्राणिशास्त्रातलं झालं. मला आमचं 'लोक' अधिक बरं वाटतं.

शब्द बदलला तरी गोष्ट तिथंच होती. जुन्या पुस्तकांत गॉब्लिन म्हणजे दुष्ट, एवढी एक ओळ पुरत असे. तर झालं असं, की निळवण खुर्दच्या घाटात धान्याच्या गाड्या लुटल्या जात होत्या. आमची पाच पात्रं माग काढत गेली. खाली दरीत गॉब्लिनांची वस्ती, चुली पेटलेल्या. तलवारबाज झालेल्या मुलानं फासा उचलला आणि विचारलं, 'मामू, गॉब्लिनच आहेत ना? मग रात्रीच जाऊन संपवू. त्यात विचार कसला?'

मी म्हटलं, 'गॉब्लिनच आहेत. वस्तीच्या मध्ये एक विहीर आहे. ती आटलेली आहे.'

बुटकीचं पात्र घेतलेल्या माझ्या भाचीनं विचारलं, 'कधीपासून?' मी वही पाहून सांगितलं, 'निळवण बुद्रुकवाल्यांनी वर बंधारा घातला तेव्हापासून.'

त्यानंतर अडीच तास फासा पडला नाही. नुसतं भांडण. धान्य लुटणं हा गुन्हा की नाही? बंधारा घालताना खालच्यांना विचारलं होतं का? लुटारूंमध्ये लेकरंबाळं आहेत का, आणि असली तर रात्री अंधारात ती वेगळी कशी ओळखायची? मिरजेच्या मुलांना पाण्याबद्दल शिकवावं लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये इथल्या स्टेशनातून वाघिणी भरभरून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तेव्हा ही मुलं प्राथमिक शाळेत होती, पुलावर उभी राहून त्यांनी ती पाहिली आहे. अखेर ते बुद्रुकच्या पंचांकडे गेले आणि आठवड्यातले दोन दिवस बंधाऱ्याचं दार उघडण्याचा करार करून आले. तलवारबाजाला तो मान्य नव्हता. लुटलेल्या गाडीवानाला काय मिळालं, असं तो अजून विचारतो. प्रश्न रास्त आहे. पुढच्या वर्षी त्या गाडीवानाला मी परत आणणार आहे.

हा प्रश्न मला केवळ पुस्तकातून सुचलेला नाही, हेही सांगतो. भाचीसाठी खोली शोधत आम्ही पुण्यात तीन दिवस हिंडलो. खोली पसंत, भाडं पसंत. नाव सांगितलं की खोली नुकतीच कुणाला तरी दिलेली असायची. पुढे एका बाईंनी नाव न विचारताच किल्ली हातात ठेवली. घाटातल्या त्या रविवारी भाचीनं यातलं काही काढलं नाही. तिनं विहिरीबद्दल विचारलं, बस.

'जन्मानंच दुष्ट' ही युक्ती गोष्ट सांगणाऱ्याला फार सोयीची असते. हमजाच्या दास्तानीत समोरचे जादूगार एक तर मरतात, नाही तर शरण येतात. आपल्या घरची म्हणून तिला सूट देता येत नाही. खुद्द टॉल्किनला त्याचे ऑर्क अखेरपर्यंत छळत होते. ते मुळात कोण, त्यांना सुटका आहे की नाही, यावर तो उतारवयातही टिपणं करत राहिला. आणि आपल्याच मराठी घरांतून बळी या असुरराजाचं राज्य परत यावं म्हणून पाडव्याला ओवाळतात, हेही विसरायला नको.

नवी जगं रचणाऱ्यांबद्दल वाचताना एका माणसाचं नाव पुन्हा पुन्हा समोर येत राहिलं. मुहम्मद अब्दुर्रहमान बार्कर. जन्म अमेरिकेत १९२९ साली. भाषाशास्त्रज्ञ. ऑरेगनमधल्या क्लामथ या मूळ रहिवाशांच्या भाषेचा त्यानं कोश केला. तरुणपणी हिंदुस्थानात आला असताना इस्लाम स्वीकारला. पुढे मॉन्ट्रियल आणि मिनेसोटाच्या विद्यापीठांत शिकवलं, परदेशी विद्यार्थ्यांसाठी उर्दूची पाठ्यपुस्तकं लिहिली. लहानपणापासून मनात जोपासलेलं 'टेकुमेल' नावाचं जग त्यानं १९७५ मध्ये खेळाच्या रूपात छापलं. त्यात लिपी, व्याकरण, देवदेवता, नाणी, सगळं होतं. त्या जगात माणसांवर चाल करून येणारे जे भयंकर जीव आहेत, ते तिथले मूळ रहिवासी. माणसांनी बाहेरून येऊन त्यांचा ग्रह घेतला आणि त्यांना कोपऱ्यात कोंडलं. वाचून मला कोण आनंद झाला! उर्दू शिकवणारा माणूस, आणि त्याला विहीर दिसली होती.

बार्कर २०१२ मध्ये वारला. २०२२ मध्ये टेकुमेलचं काम पाहणाऱ्या संस्थेनंच जाहीर केलं, की १९९१ साली टोपणनावानं प्रसिद्ध झालेली, नाझी विचारांची भलामण करणारी एक कादंबरी त्याचीच होती. मला हे पचायला महिना लागला. अख्ख्या भाषा रचण्याइतकी सहानुभूती ज्याच्या कल्पनेत होती, त्याच माणसानं ज्यूंच्या संहारावर उभ्या राहिलेल्या विचाराला कादंबरी दिली. कुणी म्हणेल, जग घ्या आणि माणूस सोडा. कुणी म्हणेल, दोन्ही फेका. त्याच्या उर्दू पाठांना मी नावं ठेवणार नाही. पण माझ्या सतरंजीवर टेकुमेल यायचं नाही. जग बारकाईनं रचलं म्हणजे रचणाऱ्याचं मन मोठं असतं, हा माझा समज होता. कवी मंडळींचा तो असतोच. आता मी मुलांना माझं राज्यही तपासून घ्यायला सांगतो.

पुढच्या सालचा बेत म्हणाल, तर नकाशा वाढवायचा नाही. एका दिवसात पायी जाता येईल तेवढंच राज्य, त्यापलीकडे धुकं. बाजारभाव मात्र पक्के हवेत. भाकरी केवढ्याला, नालबंदाची मजुरी किती, बंधाऱ्याच्या पाण्याला पट्टी बसते का. भाकरीची किंमत ठरली की चोर का चोर झाला ते आपोआप कळतं. ड्रॅगनला दुखणं द्यायचं आहे. फासा उघड्यावरच टाकायचा. बरेच मास्टर पुठ्ठ्याच्या आडून टाकतात आणि लाडक्या पात्राला वाचवतात. मी कुणाला वाचवलेलं नाही. सप्टेंबरात एक चोर कड्यावरून पडून गेला, तर त्याच्या वाटणीची भजी त्या दिवशी कुणी खाल्ली नाहीत.

आणि एक काम तलवारबाजानंच अंगावर टाकलं आहे. जाता जाता चपला घालताना त्यानं विचारलं, 'मामू, आपण त्यांना गॉब्लिन म्हणतो. ते आपल्याला काय म्हणतात?' 'पाणीचोर' हा शब्द तोंडावर आला होता, पण तो बंधाऱ्यानंतरचा झाला. त्याआधी, विहिरीला पाणी होतं आणि भांडण नव्हतं, तेव्हाही घाटावरून येणाऱ्या माणसांना ते काहीतरी म्हणतच असणार. तो जुना शब्द मला हवा आहे. दुसरा रविवार नऊ दिवसांवर आला आहे.