गारांची मौज आणि गारांचा मार

‘अवचित पडलेले बर्फ : त्याची मौज आणि गैरसोय’ या विषयावर चार शब्द बोलावेत असे मला कळविण्यात आले, तेव्हा मला प्रथम हसूच आले. मी बीड जिल्ह्यातला एक निवृत्त शाळामास्तर. आम्हांला बर्फ ठाऊक ते रसवंतीवरचे, गोणपाटात गुंडाळून आणलेले. समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीच्या आमच्या मुलखात आकाशातून बर्फ पडावयाचे कोठून? सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या कडक थंडीत दवबिंदू गोठतात, तेवढ्याचेसुद्धा आपल्याकडे केवढे कौतुक होते!

परंतु विचार करता करता ध्यानात आले की, आमच्याकडेही अंगण पांढरे होते, तेही नेमके ऊन तापू लागलेले असताना. बर्फ भुरभुरत येते, आमचे पाहुणे मात्र दाणदाण पावले आपटीत येतात. मी गारांविषयी बोलतो आहे. ‘गार’ म्हणजे थंड आणि ‘गार’ म्हणजे दगडही. गारगोटी हा शब्द आपण त्यावरूनच वापरतो. आकाशातून पडणाऱ्या या वस्तूत दोन्ही अर्थ एकदमच हाती येतात, आणि कधी कधी डोक्यातही!

गारांची मौज मी लहानपणापासून भोगली आहे. दुपारी आभाळ काळेनिळे व्हावे, वारा अचानक थांबावा, आणि पत्र्यावर पहिला ‘टण्ण’ असा आवाज व्हावा. लगेच माझी आजी लोखंडी तवा अंगणात उपडा टाकी. त्याने गारा थांबतात अशी तिची श्रद्धा होती. आम्ही मुले मात्र त्या थांबू नयेत म्हणून मनात देवाची करुणा भाकीत असू. डोक्यावर घमेले घेऊन अंगणात धावावयाचे, मूठभर गारा तोंडात कोंबावयाच्या आणि दात कळवळले तरी थुंकावयाच्या नाहीत, हा आमचा पराक्रम.

गैरसोयीही काही कमी नव्हत्या. पत्र्याच्या घरात शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. कौले फुटतात, पन्हळी तुंबतात, दिवे जातात, आणि दावणीची जनावरे दावे तोडून उधळतात. तथापि अर्ध्या घटकेत सारे शांत होते, हवेत गारवा येतो, आणि पुढे आठ दिवस बोलावयास विषय मिळतो. गारांची गोष्ट एवढीच, असे मी जवळजवळ पन्नास वर्षांच्या वयापर्यंत समजत होतो.

२०१४ सालच्या मार्च महिन्यात मी एका खेड्यातील शाळेत चौथीचा वर्ग शिकवीत होतो. एके दिवशी दुपारी गारांचा मोठा मारा झाला. थांबल्यावर पाहतो तो मैदान पांढरेशुभ्र! मुलांना आवरणे अशक्य होते, आणि खरे सांगावयाचे तर मलाही आवरावेसे वाटले नाही. मुले ओंजळी भरभरून गारा आणू लागली. मी एक टपोरी गार अडकित्त्याने मधोमध फोडली आणि मुलांना दाखविली. आत कांद्यासारखे पापुद्रे होते. एक दुधी, एक पारदर्शक.

मग तेथेच पाठ सुरू झाला. उन्हाने तापलेली हवा वेगाने वर चढते आणि डोंगराएवढा उंच ढग उभा राहतो. त्या दिवसांत आमच्या डोक्यावर चार-साडेचार किलोमीटर उंचीपलीकडे हवा शून्य अंशाखाली असते. तरी ढगातले पुष्कळसे थेंब न गोठता तसेच तरंगत राहतात. एखाद्या बर्फकणाला ते थेंब चिकटले की तेथल्या तेथे गोठतात. वर चढणारा झोत त्या कणाला खाली पडू देत नाही, तोवर थरावर थर बसत जातो, आणि तिचा भार झोताला पेलेनासा झाला की गार खाली येते. मुले थक्क झाली. इतका रंगलेला पाठ मी क्वचितच घेतला असेल. एका मुलाने तर जेवणाच्या डब्यात गारा भरून घेतल्या. घरी आजोबांना दाखवावयाच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा गप्प होता. मी विचारले, “काय रे, आजोबांना दाखविल्यास का गारा?”

तो म्हणाला, “पाणी झालं होतं, गुरुजी.” मग थोडे थांबून म्हणाला, “काल आपण खेळत होतो ना, तवाच आमची ज्वारी पडली.”

श्रोतेहो, हे वाक्य ऐकून मला उत्तर सुचले नाही. त्या मुलाचे आईबाप ऊसतोडीला गेलेले होते. आमच्या जिल्ह्यातील लक्षावधी माणसे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या मुलखात जातात, आणि गावात म्हातारे व पोरे उरतात. घरची ज्वारी राखणारा तो आजोबा एकटाच होता.

संध्याकाळी मी त्यांच्या रानात गेलो. काढणीला आलेली ज्वारी जमिनीशी सपाट झाली होती. कणसे चिखलात रुतली होती. भिजलेले दाणे काळे पडतात, त्यांना भाव येत नाही. आणि कडबा कुजला की जनावरे त्याला तोंड लावीत नाहीत. माणसाची भाकरी आणि बैलाची वैरण दोन्ही अर्ध्या घटकेत गेली होती. बांधावरच्या लिंबाखाली चार-पाच पोपट मरून पडले होते. आंब्याखाली बोराएवढ्या कैऱ्यांचा सडा होता.

मी ओशाळून म्हणालो, “बाबा, काल मी मुलांना खेळू दिले.”

म्हातारा म्हणाला, “गुरुजी, पोरांचं काय चुकलं? ल्हानपणी म्या बी येचल्यात की गारा.”

त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात ठिकठिकाणी असाच मार बसला. मराठवाड्यातील ज्वारी, गहू, हरभरा आणि फळबागा यांची धूळधाण झाली. शहरात त्याची बातमी पांढऱ्या झालेल्या रस्त्यांच्या छायाचित्रांसह पोहोचली, आणि ती पाहून कोणी ‘आपल्याकडेही काश्मीर अवतरले’ असे म्हटले असेल, तर त्याला दोष देणारा मी कोण? मीही अडकित्ता घेऊन पापुद्रेच मोजीत बसलो होतो.

पुढल्या आठवड्यात आम्ही पत्रलेखनाचा पाठ घेतला. विषय एकच : पिकाच्या नुकसानीचा पंचनामा व्हावा म्हणून अर्ज. गावात लिहिता येणारी वडीलधारी माणसे थोडीच उरली होती. मुलांनी घरून सातबारा आणला, गट नंबर उतरवून घेतला, पीक आणि क्षेत्र लिहिले, आणि खाली आजोबांचा अंगठा घेतला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी त्या दिवशी मुद्दाम काळजीपूर्वक दुरुस्त केल्या. अर्जाने ज्वारी उभी राहत नाही, हे मला ठाऊक होते. परंतु नुकसान झाले हे कोठेतरी लिहिले जावयास हवे होते. नुकसान निम्म्याहून अधिक असल्याशिवाय मदत मिळावयाची नाही, असा तेव्हा नियम होता. ती मर्यादा २०१५ साली ३३ टक्क्यांवर आणण्यात आली.

११ फेब्रुवारी २०१८ रोजी जालना आणि बीड जिल्ह्यांवर पुन्हा गारा कोसळल्या. त्या दिवशी रविवार होता. मी घराच्या ओट्यावर उभा होतो. थांबताच गल्लीतली पोरे भांडी घेऊन धावली. मी कोणालाही अडविले नाही. त्यांतला एक लहानगा ओंजळभर गारा घेऊन माझ्याकडे आला आणि “खा ना, गुरुजी!” म्हणाला.

मी एक तोंडात टाकली. दात कळवळले; थुंकली नाही. मग चपला घातल्या आणि कोणाची ज्वारी रानात उभी राहिली आहे, ते पाहावयास निघालो.