विद्यार्थ्यांचे ध्येय आणि आपण

(समाजाच्या वार्षिक संमेलनात गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणिसांनी केली, ती मी भीतभीतच स्वीकारली. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून ३६ वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना शिकविले. विद्वत्तेचे भांडवल माझ्यापाशी नाही; चुकांचे मात्र आहे. त्यांपैकी एक चूक मी याच व्यासपीठावर केली, म्हणून ती येथेच सांगणे उचित होय.

सन १९९८ मध्ये माझा एक विद्यार्थी सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत चमकला. त्याचा सत्कार झाला. माझ्या अंगात उत्साह संचारला आणि मी ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले, "हा मुलगा डॉक्टर होणार!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलाच्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. मुलगा मात्र मान खाली घालून उभा होता. तो विनय आहे असे मी समजलो.

पुढे दहावीनंतर त्याला विज्ञानशाखेत घातले आणि बारावीस तो भौतिकशास्त्रात नापास झाला. त्यानंतर तीन वर्षे तो गावी आला नाही. पुष्कळ वर्षांनी पुण्यात त्याची अवचित भेट झाली, तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, नापास झालो त्याचे एवढे वाटले नाही. तुमच्यासमोर कसा येऊ, हीच धास्ती होती." आज तो फर्निचरच्या कारखान्यात आकृत्या काढण्याचे काम करतो. त्याने काढलेली कपाटाची आकृती मी पाहिली. रेघ न् रेघ जागच्या जागी! शाळेतही त्याच्या भूमितीच्या वहीला तोड नव्हती. दहावीनंतर तो तंत्रनिकेतनात गेला असता तर त्याची ती वर्षे वाचली असती. परंतु तुला काय आवडते, हा साधा प्रश्न त्याला कोणी विचारला नाही. वडिलांनी नाही, समाजाने नाही, आणि ज्याने विचारावयास हवा होता त्या मी तर उत्तरच जाहीर करून टाकले होते.

आपण सुतार. माझे वडील बैलगाडीची चाके करीत. नवे चाक करावयास घेतले म्हणजे ते गाडीच्या गोष्टी बोलत नसत. हातातल्या लाकडावर रेघ मारावयाची आणि त्या रेघेबरहुकूम तेवढे तासावयाचे. एक आरा तुंब्यात नीट बसला की दुसरा हाती घ्यावयाचा. गाडी त्यांच्या मनात नव्हती असे कोण म्हणेल? परंतु हाताला काम लागते ते रेघेचे. आपण मुलांना गाडी दाखवितो, नव्हे, आजकाल विमानच दाखवितो, आणि रेघ मारून देण्याचे विसरतो.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र पुष्कळांना ठाऊक आहे. लहानपणी परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्यास पायी गेले, आणि वय लहान दिसते या कारणाने त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. ते मॅट्रिक झाले १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. महिला विद्यापीठ निघाले १९१६ साली. साताऱ्याची वाट तुडविणाऱ्या त्या मुलाच्या मनात विद्यापीठ खचितच नव्हते. पुढची परीक्षा होती. ध्येयही माणसाबरोबर वाढते, ही गोष्ट आपण पालक विसरतो.

त्या चुकीनंतर मी वर्गात "मोठेपणी कोण होणार?" हा निबंध देणे सोडले. त्याऐवजी विचारू लागलो, "येत्या रविवारपर्यंत तुला काय येईल?" सहावीतील एका मुलीला अपूर्णांकांची अशी भीती होती की गणिताच्या तासाला तिचे पोट दुखे. ती म्हणाली, "छेद सारखे करायला येईल." तेवढेच तिने वहीत तारीख घालून लिहिले. रविवारी आले नाही. पुढच्या रविवारीही नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आले की, रेघ लांब पडली आहे. आम्ही ती आखूड केली: आधी फक्त दोन आणि चार हे छेद. ते आले. स्वतःच्या हाताने तिने त्यापुढे बरोबरची खूण केली, आणि त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे मी पाहिले त्यालाच मी प्रेरणा समजतो. व्याख्यानाने ती येत नाही. आपल्याला एक गोष्ट जमली, या अनुभवाने येते. अपूर्णांकांचे प्रकरण पुरे होण्यास सात आठवडे लागले. पोटदुखी त्याच्या आधीच थांबली होती.

ती मुलगी पुढे दहावी उत्तीर्ण झाली, ५८ टक्के गुणांनी. तिच्या घरातून मॅट्रिक झालेली ती पहिलीच. तिचे नाव मात्र आपल्या गौरवाच्या यादीत आले नाही, कारण आपला नियम ८० टक्क्यांचा. तो नियम करणाऱ्या समितीत मीही होतो, म्हणून कोणास दोष देत नाही. ज्यांना आज बक्षिसे मिळाली त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु या मंडपात मागच्या रांगेत बसलेली मुले टाळ्या वाजवून घरी जातात तेव्हा मनाशी काय ठरवितात, याचा विचार कार्यकारी मंडळाने करावा.

माझी सूचना अशी की, पुढील वर्षापासून एक बक्षीस गुणांवर न देता वर्षभर चालविलेल्या वहीवर द्यावे. विद्यार्थ्याने दर आठवड्यास स्वतः ठरविलेले काम, ते झाले की नाही याची खूण, आणि झाले नसेल तर पुढे काय बदल केला ते. एवढेच त्या वहीत असावे. खोट्या खुणा होतील, अशी शंका कोणी घेईल. होतील थोड्या, छत्तीस वर्षे वह्या तपासणाऱ्या माणसाला त्या ओळखता येतात. या बक्षिसासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून पाच हजार रुपये मी खजिनदारांकडे दिले आहेत.

पन्नास कोऱ्या वह्या मी बरोबर आणल्या आहेत. त्या कार्यालयाच्या टेबलावर ठेवल्या आहेत. भोजनानंतर ज्यांना हव्या त्यांनी न्याव्यात. मात्र पालकांनी मुलांसाठी उचलू नयेत. ज्याची वही त्यानेच येऊन मागावी. मी तेथे बसलेला असेन.